अनवाणी वाटेवरचा बूट

मी कॅनव्हासचा डावा बूट बोलतोय. उजवा शेजारीच आहे. त्याचं म्हणणं माझ्याहून वेगळं नाही, म्हणून तो गप्प असतो.

परभणीच्या एका कचेरीतल्या बन्सीधरांनी मला हिमालयात पायी भटकण्यासाठी विकत घेतलं. शहाऐंशीचा उन्हाळा होता. दगडावर लाल बाण दिसला की वळायचं. पाणी आपलं, ओझं आपलं, कचराही आपलाच; तो परत आणायचा. दिवसभर माणूस दिसत नसे आणि याचाच सगळ्यांना आनंद. बन्सीधर हे कचेरीत महिनाभर सांगत होते.

“घरी बसला असतास तरी कोण आलं असतं तुझ्याकडं?” शेजारच्या टेबलावरचे माणिकराव म्हणाले.

पुढच्या चैत्रात बन्सीधरांची सात वर्षांची गीता तापाने दवाखान्यात पडली. डॉक्टर नीट बोलेनात. बन्सीधरांनी औंढ्याच्या नागनाथाला चालत येण्याचा नवस केला आणि मला पायात चढवलं.

“ते काढा आधी,” गीताच्या उशाशी बसलेल्या कडूबाई नवऱ्याला म्हणाल्या. “नवसाला जायलाव का फिरायला?”

परतताना लागेन म्हणून मी पिशवीत गेलो. ती वाट मी नुसती ऐकली. तिथे बाण नव्हते, माणसं होती. ‘या, पाणी घ्या.’ ‘कुठल्या गावचे?’ ‘केळं तरी खा.’ हिमालयात पैसे भरून मिळालेली शांतता इथे मागूनही मिळेना. डांबर तापलं होतं. मालकांचे पाय फुटत होते आणि बूट सावलीत होता.

जवळा बाजार गावाच्या अलीकडे मेव्हणा सटवाजी सायकलवर आला. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसटी नव्हती.

“दाजी, मागं बसा,” तो म्हणाला. “पोरगी न्हाई ऱ्हायली.”

बन्सीधर लिंबाखाली बसले. फुटलेल्या पायांवर त्यांनी आम्हाला चढवलं, नाड्या बांधल्या आणि औंढ्याच्याच दिशेने चालू लागले.

“दाजी, तिकडं काय हाय आता? माती खोळंबलीय.”

“काही नाही तिकडं.”

सटवाजी सायकल हातात धरून मागून येत राहिला. वाटेत कोणी पाणी पुढे केलं की तोच प्यायचा.

देवळाच्या दाराशी चपलांचा ढीग होता. सगळे जोड आपापल्या मालकांची वाट पाहत होते. माझे मालक माझ्यातच उभे होते. थोड्या वेळाने ते वळले आणि सायकलवर मागे बसले.

आता मी पलंगाखाली असतो. कडूबाई झाडताना मला बाजूला सारतात, पुन्हा तिथेच ठेवतात. कोणी मागितलं तर मला देऊन टाका. तळ अजून शाबूत आहे. कुठवर गेलो होतो, ते मात्र घेणाऱ्याला सांगू नका.