दुपारी घरात कोण खातं?

दुष्काळात अजिंठ्याकडच्या विहिरी आटल्या, तेव्हा द्वारकाबाई शहरात, लेकाच्या उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटवर राहायला आल्या. लेक इंद्रजीत दिवसभर कंपनीत. घरी सून राजनंदिनी एकटीच. लग्नानंतर अंगानं सुटली म्हणून ती सकाळभर नुसत्या लिंबूपाण्यावर राहायची.

मग डबे रिकामे व्हायला लागले. शेव, गूळ, शिळ्या पोळ्या; एकदा तर कच्चं बेसन. तिला सासूचाच संशय आला, पण विचारायचा धीर होईना.

एका दुपारी पडदे ओढून ती पलंगावर पडली होती. स्वयंपाकघरातून चावण्याचा आवाज यायला लागला. भराभर, मध्ये श्वाससुद्धा न घेता.

"आई, तुम्ही आहात का तिथं?"

"मी हितं हाय, पोरी."

आवाज पाठीमागून आला. राजनंदिनी वळली. ती पलंगावर नव्हतीच. ओट्यापाशी उभी होती. मुठीत गूळ होता, तोंड बेसनानं भरलेलं होतं.

द्वारकाबाई दारातून पुढं आल्या नाहीत. "रोज अशीच उभी राहतीस. हाक मारली तरी वळत नाय. डोळे उघडे, पन आत कुनी नसल्यागत. मला लई भ्या वाटलं. बाहेरचं काही असंल का गं?"

राजनंदिनीलाही तसंच वाटलं. तरी शहरातल्याच छावणी भागातल्या डॉक्टर नीरजांकडं दोघी गेल्या.

"असं झालं की दुसऱ्या दिवशी काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आणखी कमी खाते."

"तिथंच गाठ आहे. उपाशी ठेवलेलं शरीर तुम्हाला न विचारता खातं. मग लाज वाटते, मग पुन्हा उपास. बाहेरचं काही नाही. रोज सकाळी पोटभर भाकरी खा. एकटीनं मात्र खाऊ नका. आणि येत राहा, याला वेळ लागतो."

द्वारकाबाई रोज ताट घेऊन समोर बसू लागल्या. कधी दुपार नीट जायची, कधी डबा पुन्हा रिकामा सापडायचा. पण ती उपास करेनाशी झाली.

एका संध्याकाळी तिनं इंद्रजीतला सगळं सांगितलं.

"दुपारी मी फोन करायचो," तो म्हणाला. "तू उचलायचीस. चावल्याचा आवाज यायचा. बोलायचं मात्र कुणी नाही."

तिला एकही फोन आठवत नव्हता.

"मग मला विचारलं का नाहीस?"

"भीती वाटली," तो म्हणाला, आणि त्यानं तिचं ताट वाढून स्वतःशेजारी ठेवलं.