कुलपाला घातलेला हार

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा ड्रम आहे. तळोज्याच्या एका कारखान्यात, मागच्या भिंतीला टेकून उभा. माझा जन्म तेल भरण्यासाठी झाला. तेल संपलं तसं माझं झाकण कापलं, मला आतून घासून धुतलं आणि टँकरचं पाणी साठवायला इथे आणून ठेवलं. ही नव्वद सालानंतरची गोष्ट.

आमच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं बनत. ती निवडून पिशव्यांत भरण्याचं काम बायकांकडे. पुरुषांना आत पक्का संडास होता. बायकांसाठी मात्र माझ्या शेजारचा आडोसा, तोही गोणपाटाच्या पडद्याचा. तिथे जाताना त्या माझ्यातून डबा भरून घ्यायच्या. जागा कौतुकाची नव्हती, पण माझ्यावाचून त्यांचं पान हलत नव्हतं. मी आपला त्यातच खूश होतो.

मग सरकारी साहेब तपासणीला आले. कायद्याप्रमाणे बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह हवं, त्याला दार हवं, आतून कडी हवी, पाणी हवं, असं त्यांनी मालकांना सुनावलं आणि पुन्हा बघायला येईन म्हणून गेले. लगोलग गवंडी आले. बघता बघता माझ्या नाकासमोर एक खोली उभी राहिली. पांढऱ्या फरशा, आरसा आणि एक गुळगुळीत बेसिन. दारावर 'स्त्रियांसाठी' अशी पाटीही लागली.

खरं सांगतो, त्या बेसिनला पाहून माझा नुसता जळफळाट झाला. रणजीत सुपरवायझर रोज सकाळी दार उघडून त्याला कोरड्या फडक्याने पुसायचा. माझ्या अंगावरून त्या फडक्याचं टोकसुद्धा कधी फिरलं नाही. मी गंजत होतो आणि ते चकाकत होतं. आता बायका याच्याकडेच जाणार, मला कोण विचारतो, या विचाराने मी आतल्या आत कुढत राहिलो.

पण पुसून झालं की रणजीत दाराला कुलूप घालायचा आणि चावी कमरेला लावायचा. साहेब येतील तेव्हा खोली नवी दिसायला हवी ना! बायकांची वाट माझ्याकडेच राहिली. मला आनंद झाला, मित्रांनो, अगदी उकळ्या फुटल्या.

तो आनंद प्रेमलामुळे आटला. ही साताऱ्याकडची लेक, लग्न होऊन इथे आलेली. तिला दिवस गेले होते. आडोशाला कायम चिखल, त्यात पाय घसरायची भीती. तिथे जावंच लागू नये म्हणून तिने दिवसभर पाणी पिणंच सोडलं. डॉक्टर भरपूर पाणी पी म्हणाले होते. तिला उन्हाळी लागली, लघवीला आग होऊ लागली, चक्कर येऊ लागली. एकदा ती माझ्याच काठाला धरून उभी राहिली, तेव्हा तिचा हात तापलेला होता. तिने रणजीतकडे चावी मागितली.

"दादा, लई तरास होतोय. तेवढं दार उघडा की."

रणजीत वाईट माणूस नव्हता, पण भित्रा होता. खोली खराब झाली तर मालक माझी नोकरी खातील, असं म्हणून तो निघून गेला.

खंडेनवमी आली. त्या दिवशी राबणाऱ्या प्रत्येक यंत्राला धुऊनपुसून हार घालायची आमच्याकडे रीत. गोजरा ही जवळच्याच गावातली, बायकांमधली थोरली. तिने यंत्रांबरोबर मलाही कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मी फुगून गेलो. तेवढ्यात काय पाहावं, रणजीतने सगळ्यात जाड हार त्या नव्या खोलीच्या कुलपाला घातला! माझा हार मला एकदम किडमिडीत वाटू लागला.

पूजेला मालकीणबाई, सरोजिनीबाई, आल्या होत्या. कुलपाला हार पाहून त्यांनी हसत विचारलं, हे कुठलं मशीन?

गोजरा शांतपणे म्हणाली, "बाई, हे मशीन बसवल्यापासून एक दिस पन चाललं नाय. आमची पोर पान्यावाचून सुकाय लागली हाय."

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी कुलूप उघडायला लावलं, आत जाऊन नळ फिरवला. थेंब नाही. पाइप जोडायचाच राहिला होता आणि कुलपामुळे ते कुणाला कळलंच नव्हतं. मग त्या प्रेमलाचा हात धरून माझ्यापर्यंत आल्या. चिखल पाहिला, गोणपाट पाहिलं. परत फिरून मालकांना म्हणाल्या, "कायदा साहेबांना दाखवायला नाही, या मुलींसाठी आहे. आधी पाणी जोडा."

पाइप जोडला गेला. कुलूप गेलं, हारासकट. प्रेमला जेवताना तांब्याभर पाणी पिऊ लागली आणि पुढे सुखरूप बाळंत झाली. माझ्याकडे मात्र कुणी फिरकेना, माझ्यात पाणीही भरेना. बेसिनचा नळ वाजला की मी आजही जळतो.

माझा तो हार माझ्यातच वाळून पडला होता. पुढे माझा तळ गळू लागला तेव्हा गोजराने मला माती घालून भरलं. त्यातून झेंडू उगवला. आता दर खंडेनवमीला त्या खोलीच्या दाराला तोरण लागतं, ते माझ्या फुलांचं. बेसिनला हे माहीत नसेल, पण तुम्हाला सांगून ठेवतो.

मित्रांनो, मोठे व्हाल, कुणी कारखाने काढाल, दुकानं काढाल. तेव्हा पाटी लावून थांबू नका. दाराला आतून कडी आहे ना, नळाला पाणी आहे ना, ते स्वतः फिरवून बघा. आणि कुलूप बाहेरून लावू नका. तहान दाबून बसलेली प्रेमला मी पाहिली आहे. तिच्यासाठी मी तो हेवा जन्मभर सोसायला तयार आहे.