चार पायांतला एक

डोळे मिटा बघू जरा. खरेखुरे नकोत, नाहीतर पुढचं वाचणार कसं? मनातल्या मनात मिटा. आणि आता अशी कल्पना करा, की तुम्ही एका शाळेच्या मागच्या अंगाला असलेल्या लांबट खोलीत उभे आहात. वर पत्रा, खिडक्या उंचावर, आणि पायांखाली इतका भुसा की पावलं वाजतच नाहीत. जाडजूड लाकडी टेबलांची ओळ, प्रत्येक टेबलाच्या कडेला लाकूड घट्ट धरून ठेवणारा लोखंडी शिकंजा. भिंतीवर करवती, पटाश्या, रंधे टांगलेले. आणि गंमत म्हणजे, प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचाच आकार काळ्या रंगाने काढलेला. हत्यार जागेवर नसलं, की तो रिकामा आकार लांबूनसुद्धा दिसतो.

या खोलीच्या दारात एक मुलगी उभी आहे. आहे नववीत, पण दिसते सहावीतली. घरी तिला मिरी म्हणायचे. ते नाव तिच्या दादाने ठेवलेलं. "आकार मिरीच्या दाण्याएवढा आणि झोंबते पण तेवढीच," असं तो आल्यागेल्याला सांगायचा, आणि मिरी त्याच्या पाठीत गुद्दा घालून ते खरं करून दाखवायची.

आता दादा नव्हता. मागच्या वर्षी, सहामाही परीक्षेच्या आधी, त्याला ताप आला. साधा ताप, म्हणून आधी कोणी मनावर घेतलं नाही. आणि मग धावाधाव करायलाही वेळ उरला नाही.

सुतारकामाचा तास नववीपासून सुरू व्हायचा. सगळी पोरं कधी एकदा करवत हातात येते म्हणून उतावीळ झालेली. मिरी मात्र भिंतीकडे बघायचं टाळत होती. एका रंध्याची जागा रिकामी होती आणि तो काळा आकार तिच्याकडे टक लावून बघत होता.

"आत ये गं, दारात उभं राहून सुतारकाम येत नाही," सर म्हणाले. त्यांना सगळी शाळा रंधासर म्हणायची. कुठलंही काम बिघडलं की त्यांचं उत्तर एकच असायचं, "घाबरू नकोस, अजून एकदा रंधा मार." असं म्हणतच ते म्हातारे होत आले होते.

मिरी आत आली आणि थेट कोपऱ्यातल्या फळीकडे गेली. तिथे मुलांची अर्धवट राहिलेली कामं ठेवलेली असायची. सर्वांत खाली सुतळीने बांधलेला एक जुडगा होता. चार पाय, चार आडव्या पट्ट्या, वर बसायची एक फळी. पायांच्या वरच्या टोकांवर पेन्सिलीने एक, दोन, तीन, चार असे आकडे घातलेले. त्यातला 'चार' डोक्यावर पडल्यासारखा वाकडा होता. दादा चारचा आकडा तसाच काढायचा.

"सर, मला हे पूर्ण करायचंय."

रंधासरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे वर्षभर मी तिथून हलवलं नाही," ते म्हणाले. "कशासाठी ठेवलंय, हे माझं मलाच कळत नव्हतं. घे."

दादाचं ते अर्धवट राहिलेलं स्टूल कोणासाठी होतं, हे मिरीला ठाऊक होतं. दादा-मिरीची आई कधी खाली बसून जेवायची नाही. ओट्याशी उभ्या उभ्याच घास घ्यायची. "बसते रे, हे एवढं झालं की," असं म्हणायची आणि तिचं 'हे एवढं' कधी व्हायचंच नाही. म्हणून दादाने बेत केला होता, ओट्यापाशीच स्टूल नेऊन ठेवायचं. मग बघू कशी बसत नाही! "आईला सांगितलंस तर वेणी शिकंज्यात अडकवीन," अशी त्याने मिरीला धमकी दिली होती. तिने सांगितलं नव्हतं. आणि आता तर आई जेवणाच्या टेबलाकडे फिरकतही नसे. तिथे चार खुर्च्या होत्या ना.

पुढे पुष्कळ तास गेले. मिरी करवत धरायला शिकली. करवतीवर जोर द्यायचा नसतो, तिला तिच्या चालीने जाऊ द्यायचं असतं. पटाशीने खाच पाडायला शिकली, त्या खाचेत पट्टीचं टोक घट्ट बसवायला शिकली. शेजारच्या टेबलावर एक मुलगी होती, ती इतकी बोलायची की सर तिला रेडिओ म्हणायचे.

"मिरे, तुझ्या नाकावर भुसा बसलाय. मिरे, मी पेनस्टँड करतेय पण ते उंदराचं बीळ दिसतंय. मिरे, ऐकतेस ना?"

"तुझं ऐकायला कान द्यावे लागतात होय? ते आपोआप आत शिरतं," मिरी म्हणायची. अशा वेळी ती पुन्हा पहिल्यासारखी झोंबरी व्हायची. थोडा वेळच, पण व्हायची.

मग पाय जोडण्याची वेळ आली. त्याआधी मापं तपासायची होती. दादाने चारांपैकी एकच पाय लांबीला कापला होता. बाकीच्या तीन पायांवर नुसत्या रेघा आखून ठेवल्या होत्या. मिरीने कापलेला पाय पोलादी मोजपट्टीला लावला आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, हा एकोणचाळीस भरतोय. चाळीस हवा ना?"

सर आले. त्यांनीही मोजलं. मग हळूच हसले. "पुन्हा तेच. या मोजपट्टीचं टोक झिजलेलं आहे, म्हणून मी सगळ्यांना एकच्या रेघेपासून मोजायला सांगतो. चाळीस हवे असतील तर एक्केचाळीसवर खूण करायची. तुझा दादा सुरुवात एकपासून करायचा आणि शेवटी तो एक धरायला विसरायचा. मी रोज विचारायचो, 'काय रे, तुझा सेंटिमीटर परत कुठे सांडला?' या बाकीच्या रेघा बघ, त्या त्याने नंतर नीट आखल्यात. अगदी चाळीस."

"मग आता?"

"हा पाय बाद. दुसरा करू, लाकूड आहे आपल्याकडे." त्यांच्या तोंडून ते सवयीने निघून गेलं. रोज कुणाचा ना कुणाचा तुकडा बाद व्हायचा आणि दाराजवळच्या खोक्यात जायचा.

मिरीने पाय छातीशी धरला. "बाद नाही करायचा."

"अगं, मग स्टूल डुगडुगेल."

"मी जोडते. एक सेंटिमीटरचा तुकडा खाली लावते."

सरांना माहीत होतं काय होणार ते. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. मिरीने तुकडा कापला, सरस लावला, पाय शिकंज्यात आवळून ठेवला. पुढच्या तासाला शिकंजा सोडला, तर जोड इतका सफाईदार, की रेडिओसुद्धा क्षणभर गप्प झाली.

"आता हलकेच ठोक बरं," सर म्हणाले.

मिरीने लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं. टक. तुकडा उडून भुशात पडला.

"लाकडाच्या उभ्या रेषा शेवटाला उघड्या असतात," सर तिच्याजवळ बसत म्हणाले. "नळ्यांसारख्या. सगळा सरस पिऊन टाकतात. शेवटाला शेवट जोडलेला धरत नाही, बाळ. कितीही आवळलास तरी."

"अजून एकदा रंधा मार, म्हणा ना," मिरी म्हणाली.

सरांनी भुशातला तुकडा उचलून तिच्या हातात ठेवला. रंध्याने कमीच होतं, वाढत काही नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

त्या संध्याकाळी मिरी घरी आली. केसांत भुसा, बाह्यांवर भुसा. आई ओट्याकडे तोंड करून कणीक मळत होती. ताज्या कापलेल्या लाकडाचा तो वास मिरीच्या आधी स्वयंपाकघरात पोचला.

"आलास?" आई म्हणाली. मागे वळताना तिचा चेहरा उजळलेला होता.

मग तिला मिरी दिसली.

आईने पुन्हा ओट्याकडे तोंड केलं. "हातपाय धू," ती म्हणाली. "आणि तो सदरा..." तिचं वाक्य तिथेच राहिलं. रात्री मिरीने धुवायच्या कपड्यांत बघितलं, तर तिचा तो भुसा लागलेला सदरा तिथे नव्हता. तो आईच्या उशीशी होता, घडी घालून.

पुढच्या तासाला मिरीने सरांना एकच प्रश्न विचारला. "सर, स्टूल नीट उभं राहायला पाय चाळीसचे लागतात, की सारखे?"

"सारखे," सर म्हणाले. मग त्यांना उमगलं. ते म्हणाले, "पण तपासायला बाहेरचे सर येतील. चाळीस नसेल तर गुण जातील हो तुझे."

"जाऊ देत."

तिने मोजपट्टी घेतलीच नाही. दादाचा पाय उरलेल्या एकेका पायाला टेकवला आणि पेन्सिलीने त्याच्या मापाची रेघ ओढली. वर दादाची नीट आखलेली रेघ, आणि तिच्या आत, बोटभरही अंतर नाही, मिरीची. तिने करवत चालवली. दादाच्या तीन बरोबर रेघा एकामागून एक भुशात पडल्या. चुकलेला पाय तेवढा राहिला. तिसरा तुकडा पडला तेव्हा मिरीने करवत खाली ठेवली आणि बराच वेळ ती टेबलाला पाठ टेकून उभी राहिली. रेडिओने तिच्या हातात आपला रुमाल दिला.

मग खाचा भरल्या, पट्ट्या बसल्या, वर फळी चिकटली. मिरीने पॉलिशपेपरने सगळं घासलं, अगदी गुळगुळीत, जसं सरांनी शिकवलं होतं तसं. जमिनीवर ठेवून चारी कोपरे दाबून पाहिले. कुठूनही हललं नाही. तपासणी आटोपल्यावर रंधासर त्याच्यावर बसले, उठले आणि म्हणाले, "जा. घेऊन जा घरी."

मिरी घरी आली तेव्हा गॅसवर भाजी शिजत होती. आई ओट्याशी उभी होती, ताट तिथेच ठेवलेलं. मिरीने स्टूल तिच्या शेजारी टेकवलं.

"अगं बाई, हे तू केलंस?" आईने फळीवरून हात फिरवला. "छान झालंय गं. थोडं बुटकं आहे का?"

"दादाने सुरू केलं होतं. तुझ्यासाठी. एक पाय त्याने कापलाय, तो थोडा कमी झाला. मग मी बाकीचे त्याच्याएवढे केले."

आईचा हात फळीवर थांबला. तिने विचारलं, "कोणता?"

मिरी खाली बसली. तिने पहिला पाय बघितला. दुसरा. स्टूल फिरवून तिसरा, चौथा. सगळे सारखे. रेघा घासून गेल्या होत्या. आणि आकडे, तो वाकडा चारसुद्धा, फळीखाली सरसात कायमचे बंद झाले होते. तिने पुन्हा पहिल्यापासून बघायला सुरुवात केली. बोटांनी चाचपून बघितलं.

"आई," ती म्हणाली, "मला ओळखता येत नाही गं. मी सगळे सारखेच केले."

आई स्टुलावर बसली नाही. ती स्टुलाशेजारी जमिनीवरच बसली, दोन्ही हातांनी तिच्या बाजूचे दोन पाय धरले, कपाळ फळीला टेकवलं, आणि वर्षभर जे रडली नव्हती ते रडायला लागली.

भाजी खाली लागल्याचा वास सुटला. मिरीने उठून गॅस बंद केला. मग ती आली, आईच्या समोर, स्टुलाच्या पलीकडे बसली, आणि उरलेले दोन पाय तिने दोन्ही हातांत घट्ट धरले.