अंधारगडाचा पाचवा भाग

‘अंधारगड’ या गेमच्या पाचव्या भागाबद्दल जाणकारांचं एकमत आहे, की तो फार सोपा आहे. आधीच्या चार भागांत गावं होती, माणसं होती, कहाणी होती. इथे नुसतं भुयारात उतरायचं, राक्षस मारायचे आणि आणखी खाली उतरायचं. एकाने लिहिलंय, "दोन दिवसांत संपवला, आता करू काय?" एवढं दुःख वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

आमचा सुदेशदादा मात्र तीन महिने दुसऱ्याच मजल्यावर मरतोय. खोडाळ्याच्या बाजारात रेंज मिळाली, तेव्हा मी त्याला ही सगळी मतं मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवली. मोठा भाऊ असला म्हणून काय झालं, माणसाला आपली लायकी कळायला हवी. मग त्याचा मोबाइल हिसकावून बघितला, तर याचा हिरो अजून पहिल्या दिवशीची लाकडी काठी घेऊन हिंडतोय.

"तलवार कुठंय?"

"मिळालीच नाही."

"दादा, प्रत्येक थडग्याजवळ पेटी असते. ती उघडायची असते."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाचं घर फोडून आलेय. "मेलेल्यासोबत ठेवलेलं आहे ते, योगिता. त्याला कोण हात लावतं?"

आमच्या पाड्यात खरंच कुणी लावत नाही. लहानपणी मलाही हेच शिकवलं होतं. पण मी शिकलेली, हुशार. मीही तो गेम दोन दिवसांतच संपवला होता.

रेंज जायच्या आत त्याने आपलंही मत टाकलं: "गेम चांगला आहे. खेळणारे चोर आहेत."