तेरा तासांचं मशीन

कानाचं मशीन कानात घालायचं असतं, एवढी एक गोष्ट वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांना पटवता पटवता शाइस्ताच्या नाकी नऊ आले होते. वलगावचे किसनराव मशीन कपाटात कुलपात ठेवत आणि कोणाचं लग्न निघालं की बाहेर काढत. "रोज लावलं तं झिजन ना," असं त्यांचं म्हणणं. अकोल्याजवळच्या एका खेड्यातल्या लीलाबाई सून बोलायला लागली की मशीन काढून ठेवत, आणि सून दिवसभर बोलायची. शालिकरामांनी तर बॅटरीवरची चिकटपट्टी तीन महिने तशीच ठेवली होती. ती काढल्याशिवाय बॅटरी चालू होत नाही, हे शाइस्तानं त्यांना चार वेळा सांगितलं होतं, एकदा तर लिहूनही दिलं होतं. "नवीन वस्तू हाय म्याडम, खराब काऊन कराची," ते म्हणाले. तीन महिने बंद मशीन कानात घालून हा माणूस ग्रामसभेला जात होता, आणि वरून आता बरं ऐकू येतं असंही सांगत होता.

सगळ्यांचं उत्तर मात्र एकच असायचं, दिवसभर लावतो. शाइस्ता मान डोलवायची, मशीनला वायर जोडून लॅपटॉप उघडायची. मशीन किती वेळ चालू होतं याची नोंद त्याच्या पोटात होत असते, आणि मशीनला खोटं बोलता येत नाही. रोजची सरासरी, बारा मिनिटं.

वाचा आणि श्रवण या विषयातली मास्टर्स डिग्री घ्यायची असं तिनं ठरवलं, तेव्हा आपला संबंध शास्त्राशी येईल अशी तिची समजूत होती. अमरावतीच्या कॉलेजात दोन वर्षं होत आली, आणि संबंध आला तो एसटीशी. हा विषय नेमका काय आहे हे घरी अजून कोणाला कळलं नव्हतं. अब्बांचं, म्हणजे शफीकभाईंचं, अकोल्याला गाद्या-रजयांचं दुकान. ते गिऱ्हाइकांना सांगत, पोरगी कानाची डॉक्टर होऊन राहिली. मग ती सुट्टीत घरी आली की गल्लीतले लोक टॉन्सिल दाखवायला यायचे. अम्मीचा रोजचा फोन आणि रोजचा एकच प्रश्न, "कब खतम होता तेरा?"

ते संपायचं होतं विसाव्या माणसावर. शाइस्ताच्या प्रबंधाचा विषय असा, की खेड्यातली वयस्क माणसं मशीन नियमित वापरायला लागली तर त्यांचं घरच्यांशी बोलणं किती सुधारतं. नियमित म्हणजे रोज किमान चार तास, तेही तीन महिने. एका शिबिरात फुकट मशीन मिळालेले चाळीस जण तिनं निवडले होते. किसनराव, लीलाबाई, शालिकराम अशी एकेक गळत गेली आणि हाती उरले एकोणीस. मॅडमनी, म्हणजे तिच्या गाईडनी, पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं, वीसपेक्षा एकही कमी चालणार नाही. वीस भरले तर सोमवारी प्रबंध जमा, नाहीतर सहा महिन्यांनी पुढच्या परीक्षेला. अकोल्याच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत जूनपासून तिच्यासाठी जागा ठेवली होती. सहा महिने कोणी जागा धरून ठेवत नाही, आणि अकोल्यात अशा जागा उगवतही नाहीत.

विसावा माणूस होता तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यातले पुंजाराम, आणि तो माणूस म्हणजे सोनं होता. दीड महिन्यानंतर तिनं त्यांचं मशीन जोडून पाहिलं तर रोजची सरासरी तेरा तास. तिनं वायर काढून पुन्हा लावली. तेराच. मॅडमनी तो आलेख सगळ्या वर्गाला दाखवला. पुंजारामांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, घरच्या माणसाचा फॉर्मही त्या दिवशी किती छान भरून दिला होता. दहा प्रश्न. तुम्ही बोललेलं त्यांना एका हाकेत कळतं का, घरात आता बोलणं वाढलं का, असे. शाइस्ता फॉर्मवर नजर ठेवून भराभरा वाचत गेली आणि मनकर्णाबाई हसून म्हणत गेल्या, "हाव, चांगलं हाय." दहापैकी दहा. फॉर्मच्या तळाशी शाइस्तानं स्वतःहून एक शेरा लिहिला होता, अत्यंत सहकार्य करणारं कुटुंब.

आज शुक्रवार. शेवटची नोंद घ्यायची, शेवटचा फॉर्म भरायचा आणि संपलं. नेहमी ती अकराच्या सुमाराला पोचायची. आज अकोटच्या पुढे एसटी बंद पडली, दुसरी मिळायला दोन तास गेले आणि तेल्हाऱ्यापासून ऑटो करून ती दारात उभी राहिली तेव्हा तीन वाजत आले होते. ऊन असं की खांद्यावरच्या पिशवीतली तपासणीची पेटीही तापली होती.

पुंजाराम ओसरीत बाजेवर पडले होते. तिनं हाक मारली. त्यांनी छताकडे पाहणं चालू ठेवलं. तिनं पुन्हा हाक मारली, कडी वाजवली, शेवटी बाजेचा पाय हलवला तेव्हा ते उठून बसले आणि प्रेमानं म्हणाले, "या म्याडम. आज उशीर केला."

कानात मशीन नव्हतं. उजव्याही नाही, डाव्याही नाही.

"बाबाजी, मशीन कुठं हाय?" तिनं कानाशी जाऊन ओरडून विचारलं.

"बाजूच्या घरी गेलं. कुरड्या कराले."

शाइस्तानं डोळे मिटले. दोन वर्षांत तिनं पुष्कळ ऐकलं होतं. मशीन नातवानं खेळायला नेलं, मशीन उंदरानं नेलं. मशीन कुरड्या करायला गेल्याचं ऐकण्याची ही पहिलीच वेळ.

"मशीन कुरड्या कराले गेलं?" ती तशीच ओरडली.

"तिच्या संगं गेलं ना. आता तिची बारी हाय." पुंजाराम उठले आणि कुंपणावरून मोठ्यानं ओरडले, "अवं, म्याडम आली."

पलीकडून मनकर्णाबाई लगेच आल्या. हातांना गव्हाचा चीक लागलेला, आणि डाव्या कानामागे, पदराच्या खाली, शाइस्ताचं मशीन.

पुंजारामांनी सगळं न विचारता सांगितलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. सकाळी सहा ते बारा त्यांची बारी. ते चौकात जातात, बाजार असला तर तेल्हाऱ्याला जातात. जेवण झालं की मशीन पुसून मनकर्णाबाईंना द्यायचं. मग झोपेपर्यंत तिची बारी. विहिरीवर तीन भावांचं पाणी असंच वाटून घेतात, त्यात काय अवघड आहे. "तुमीच तं सांगतलं होतं, मशीन रिकामं ठेवू नका म्हून. जितकं चालन तितकं बरं. मंग दुपारी मी झोपतो तं ते काऊन रिकामं ठेवाव?"

हे ती म्हणाली होती. शब्दन् शब्द तिचा होता. चाळीस जणांना तिनं हेच ओरडून सांगितलं होतं, आणि अख्ख्या वऱ्हाडात तिचं ऐकलं होतं एकट्या या माणसानं. रडावं की हसावं ते तिला कळेना. तिला राग आला होता, आणि तो काढावा असं समोर कोणी नव्हतं.

"पण आजीले कुठं कमी आयकू येते?" ती पुन्हा त्यांच्या कानाशी ओरडली. "शिबिराले काऊन नाई आणलं मंग?"

"तवा कापूस येचनं चालू होतं," पुंजाराम म्हणाले. "दोघंई गेलो असतो तं वावरात कोन राहिलं असतं?"

शाइस्तानं पिशवीतली पेटी काढली. मनकर्णाबाईंना आतल्या खोलीत बसवलं, पंखा बंद केला, मशीन काढून कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बोट वर करा असं खुणेनं सांगितलं. ती आवाज वाढवत गेली. बोट वर होईना. आणखी वाढवला. बऱ्याच वेळानं बोट उठलं, तेही अर्धवट. दोन्ही कान तपासून झाले तेव्हा कागदावरची रेघ पुंजारामांच्या रेघेच्या कितीतरी खाली गेली होती. ज्याला मशीन दिलं त्याच्यापेक्षा हिचा कान जास्त गेलेला होता. आणि श्रवणशास्त्रात मास्टर्स करणारी शाइस्ता दीड महिन्यापूर्वी याच बाईच्या समोर बसून, मान खाली घालून, दहा प्रश्न वाचून, दहा उत्तरं लिहून गेली होती.

तेव्हा मशीन पुंजारामांच्या कानात होतं. सकाळची बारी त्यांची.

तिच्या मनात नको ते आलंच. लॅपटॉपवर फक्त तेरा तास दिसणार होते, कोणाच्या कानात ते मशीनला माहीत नसतं. पुंजारामांच्या वाट्याचे सहा तास तर खरेच होते, चारपेक्षा जास्तच. तेल्हाऱ्याच्या पलीकडच्या या घरात कोण तपासायला येणार होतं? सोमवारी प्रबंध जमा झाला असता. जूनमध्ये शाळा. अम्मीचा फोन आला असता आणि एकदाचं सांगता आलं असतं, खतम हो गया.

तिनं मशीन पुन्हा मनकर्णाबाईंच्या कानात घातलं, समोर बसली आणि या वेळी चेहऱ्याकडे बघत सावकाश विचारलं, "आजी, तुमी बोललेलं बाबाजीले एका हाकेत कळते का?"

मनकर्णाबाईंनी हातावरचा वाळलेला चीक खरवडला. "कसं सांगू पोरी? मी बोलतच नव्हती."

"म्हंजे?"

"चार सालं झाले. मी काई बोलली तं थे काई तरी म्हनत, थे मले समजे नाई. पुन्हा इचारलं का चिडत. मंग मीच बंद केलं. बायांमंदीबी जात नव्हती. सगळ्या हासत, आपन कायले हासाव ते मालूम नाई. या वर्षी गेली कुरड्याले. मालूम झालं, त्या काई खास नाई बोलत."

शाइस्ताला हसू आलं. तिला या बाईची फार लाज वाटली, म्हणजे स्वतःचीच, या बाईसमोर.

मग तिला दुसरी गोष्ट सुचली आणि ती आणखी वाईट होती. तिनं फायलीतले बाकीचे एकोणीस फॉर्म काढून पाहिले. घरच्या माणसाचं मत. अकरा ठिकाणी सही किंवा अंगठा बायकोचा, वय साठच्या पुढे. त्या अकरांपैकी एकीचाही कान तिनं तपासला नव्हता. तपासायचा असतो हे तिला सुचलं नव्हतं, मॅडमना नव्हतं, शिबिरवाल्यांनाही नव्हतं. बहुतेकींचं उत्तर एकच, चांगलं आहे.

तिनं ओसरीत येऊन मॅडमना फोन लावला. मॅडम आधी पाच मिनिटं तिच्यावर चिडल्या, मग एकेक काम सांगत गेल्या. पुंजारामांचा फॉर्म रद्द, अकरा बायकांचे कान तपासायचे, घरच्या माणसांचे फॉर्म पुन्हा भरायचे. "सोमवारचं विसर," त्या म्हणाल्या. शाळेचं काय ते तूच बघ, असंही म्हणाल्या. ते बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. सहा महिने, तेही एसटीत.

पुंजाराम तिच्या तोंडाकडे बघत होते. "मशीन वापस नेता का मंग?" त्यांनी विचारलं. मनकर्णाबाईंचा हात पटकन कानामागे गेला.

"नाई नेत," शाइस्ता म्हणाली. पुंजारामांना कळलं नसावं, म्हणून तिनं हातानंही नाही म्हटलं.

तिनं पिशवीतून कोरा फॉर्म काढला. आजच सुरुवात करायची, नाहीतर तिला धीर झाला नसता. विसावं नाव, मनकर्णाबाई. दुसऱ्या मशीनसाठी अर्जही लावायचा. मग खालचा भाग, घरच्या माणसाचं मत, आणि घरचं माणूस बाजेवर बसलेलं होतंच.

"बाबाजी, आजीले तुमचं बोलणं कळते का?" तिनं वाचलं.

पुंजारामांनी हसून मान डोलवली. "हाव," ते म्हणाले, "चांगलं हाय."

शाइस्तानं पेन खाली ठेवलं. संताप अनावर होणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी नीट समजलं, आणि तो संताप कोणावर आहे तेही.

मनकर्णाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग कानामागचं मशीन काढलं, पदरानं पुसलं आणि बाजेवर त्यांच्या हातात ठेवलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तुमची बारी."

मशीननं एक बारीक शिटी मारली आणि ते पुंजारामांच्या कानात बसलं. मनकर्णाबाई खाली बसल्या आणि आता ते काय म्हणतात ते दिसावं म्हणून त्यांच्या ओठांकडे बघू लागल्या. शाइस्तानं पहिला प्रश्न पुन्हा वाचला.