शेवटच्या ओळीतलं नाव

इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या मराठी मंडळानं गेल्या दहा वर्षांची स्मरणिका काढायचं ठरवलं आणि सोबत एक सत्कारही. ज्याच्यामुळे मंडळ एवढी वर्षं टिकलं, त्याचा. तो कोण, हे जुन्या बातम्या वाचून शर्वरीनं सांगायचं. शर्वरी साताऱ्याहून नोकरीला आलेली, ऑडिटवाली. इथं कुणाच्याच नात्यागोत्यात नाही, म्हणजे तिच्या निकालावर रुसायची सोय नाही.

अध्यक्ष बाबूराव मुजुमदारांना मात्र निकाल आधीच ठाऊक होता. पगडीवाल्याला त्यांनी स्वतःच्या डोक्याचं मापही देऊन ठेवलं होतं, आणि ते मंडळभर झालं होतं. कात्रणांचा गठ्ठा त्यांच्याच घरी, कारण बहुतेक कात्रणांत फोटो त्यांचाच.

"तू निवांत देख," चहा पुढे करत ते म्हणाले. "नाव तर समोर येईलच, बेटा."

शर्वरीची खोड अशी, की कुठलाही कागद ती खालून वर वाचायची. वरच्या ओळींत लोक मिरवतात, खरं काय ते तळाला सापडतं, हा तिचा धंद्यातला अनुभव. हिंदी पेपरांतल्या त्या बातम्यांच्या तळाशी एकच ओळ पुन्हा पुन्हा येऊ लागली : 'आभार अरुंधती पोतनीस ने माना.' गणेशोत्सव, आभार अरुंधती. रक्तदान शिबिर, आभार अरुंधती. पाहुणे बदलले, चिटणीस बदलले, मध्ये बाबूरावही रुसून घरी बसले होते. शेवटची ओळ जागची हलली नव्हती.

या बाईंना शर्वरीनं पाहिलं होतं. जुनी इंदूर भागात राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, कार्यक्रमभर डोळे मिटून बसणाऱ्या. झोपतात, असाच तिचा समज होता.

मग एकाच तारखेची दोन कात्रणं हाताला लागली. त्या साली मंडळ फुटलं होतं. बाबूरावांचा गणपती इकडे, त्यांच्याशी भांडून निघालेल्या विष्णू तारेंचा पलीकडच्या गल्लीत. आणि दोन्ही बातम्यांच्या तळाशी अरुंधती.

"बाबूरावजी, या बाई एका संध्याकाळी दोन्हीकडे?"

"मत पूछ! इथं आभार मानले, बाहेर ऑटो उभी, थेट विष्णूकडे. आणि तिथं माइकवरून म्हणते काय, 'बाबूरावजींनी उदार मनानं सतरंज्या दिल्या, त्यांचे आभार!' अगं, दिल्या कुठं होत्या? विष्णूची पोरं न विचारता उचलून घेऊन गेली होती!"

"मग?"

"मग काय! आभार झाले म्हटल्यावर मी चोरीची बोंब कशी मारणार? आणि विष्णूला त्या परत आणून द्याव्या लागल्या, झटकून, घडी घालून. दारात आला तर बैस म्हणावं लागलं. बसला तर पोहे…"

बोलता बोलता बाबूराव थांबले. पुढच्या वर्षी गणपती एकच बसला, हे समोरच्या कात्रणात दिसतच होतं. माणसांची जमा-नावे मांडायची शर्वरीला भारी हौस, पण विष्णूची उचलेगिरी बाबूरावांच्या औदार्याच्या खाती टाकणारी बाई तिनं पाहिली नव्हती.

बाबूरावांनी दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी ठेवून तळाच्या ओळी वाचल्या.

"पगडी तिला मोठी होईल," शेवटी ते म्हणाले. "शाल आणू या. चांगली आण, हां. कंजूसी नको."

सत्काराला सभागृह भरलं. बाबूरावांनी स्वतः अरुंधतीबाईंना शाल पांघरवली, टाळ्या झाल्या, आणि मग सगळे नुसतेच बसून राहिले. आज आभार कोण मानणार, हे ठरवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चिटणीस बाबूरावांकडे बघतात, बाबूराव विष्णूकडे, विष्णू छताकडे. अखेर सत्कारमूर्तीच शाल सावरत माइकपाशी गेल्या. खुर्च्यावाला, दिवेवाला, चहावाला, कुणी सुटलं नाही.

"आणि बाबूरावजींचे विशेष आभार," त्या म्हणाल्या. "स्वतःची पगडी त्यांनी उदार मनानं दिली."

सगळ्यात मोठ्यानं बाबूरावच हसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो बाबूरावांचा; पसरलेल्या शालीआड अरुंधतीबाई दिसतच नव्हत्या. बातमीदार आभाराआधीच पोहे-जलेबी खाऊन सटकला होता, तेव्हा शेवटची ओळ त्यानं सवयीनंच लिहिलेली. शर्वरीनं ती तपासली. बरोबर होती.