एका आवर्तनाचं अंतर

वार्सितो मुलाकडे बालिकपापनला राहायला गेला आणि तुगिराने गेंदेरवर कापड टाकलं, ते टाकलंच. नळकांड्यांवर टांगलेल्या काशाच्या पट्ट्या, दोन हातांत दोन मऊ डोक्याच्या काठ्या. एकतीस वर्षं ती जावा बेटावर क्लातेनजवळच्या एका गावातल्या वाद्यवृंदात हे वाद्य वाजवत होती आणि एकतीस वर्षं तिच्या उजव्या हाताला ढोल घेऊन वार्सितोच बसत होता. त्याच्या जागी शेजारच्या गावचा एक जण आला. हाताने वाईट नव्हता, पण त्याच्याशी तुगिराच्या पट्ट्या काही बोलेनात.

तिची भाची वेनिंग शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिने एका रविवारी व्हिडिओ कॉल जोडून दिला. समुद्रापलीकडे वार्सितो ढोल मांडीवर घेऊन तयारच होता. दोघांनी सुरुवात केली आणि चार ठोक्यांतच घोळ झाला. तुगिराला वाटलं, हा मागे पडतोय, म्हणून ती थांबून थांबून वाजवू लागली. तिकडे त्यालाही तसंच वाटलं. लय चिखलातल्या गाडीसारखी रुतत गेली आणि बंदच पडली. मुलाच्या घरी आयतं खाऊन हाताला गंज चढला, असं तुगिरा म्हणाली. तुमचंही वय झालंय, असं वार्सितो म्हणाला. फोन कुणी आधी ठेवला यावर पुढे दोघांचं कधीच एकमत झालं नाही. तीन आठवडे अबोला.

शेवटी वेनिंगनेच मावशीला समजावलं. आवाजाला तिकडे पोचायला वेळ लागतो, तिकडून यायलाही लागतो. दोघांनाही समोरचा उशिराच ऐकू येणार, त्यात चूक कुणाचीच नाही. मग तुगिराने फोन मागून घेतला.

"सितो, तुझा हात ठीक आहे," ती म्हणाली. "मध्ये समुद्र आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"यू, मी पण उगाच बोललो," तो म्हणाला; थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला यू म्हणायचा. "तुम्ही म्हाताऱ्या नाही झालात. जरा झालात."

वेनिंगने एक उपाय शोधला होता. उशीर टाळता येत नाही, तर तो मोठाच करायचा. एक प्रोग्रॅम आवाज अडवून ठेवणार आणि घोंगाच्या, म्हणजे समेवर पडणाऱ्या मोठ्या काशाच्या थाळीच्या, ठोक्यापासून ठोक्यापर्यंतचं एक अख्खं आवर्तन उलटलं की सोडणार. म्हणजे तुगिरा वाजवत असताना तिला वार्सितोचं मागचं आवर्तन ऐकू येणार, त्याला तिचं. आवर्तनं सगळी एका मापाची, त्यामुळे सम समेवरच पडणार. फक्त लय बदलायची नाही. ती यंत्रच धरून ठेवणार.

यावर वार्सितो बिथरला. लय वाढवायची, उतरवायची, हे ढोलवाल्याचं काम. ते यंत्राच्या हाती द्यायचं, तर त्याने काय उशीसारखा ढोल थोपटत बसायचं? तुगिराने त्याला सांगितलं, की इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी तुझ्या मुठीत वाजवलं, आता एकदा तूही कुणाच्या तरी मुठीत वाजवून बघ. त्यावर तो हसला आणि तयार झाला. वीस आवर्तनं वाजवून थांबायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला तुगिराने कापड काढलं. पहिलं आवर्तन ती एकटीच वाजवत होती. कानात फक्त यंत्राची टिकटिक आणि समेवर घोंग. घोंग पडला आणि मागून वार्सितोचा ढोल आत आला, बरोबर जागेवर, जणू उजव्या हाताला बसलाय. तिचे डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत. सहाव्या आवर्तनात त्याने एक चावट बोल घुसवला. गायिका शब्द विसरली की तो हळूच वाजवायचा तोच. तुगिराने डाव्या हाताने त्याला टोमणा मारला. दोन आवर्तनांनी त्याचं उत्तर आलं. तिने पुन्हा टोकलं. टपालाने गप्पा माराव्यात तसं चाललं होतं आणि ती एकटीच खुदुखुदु हसत वाजवत होती. ओसरीवर शेंगा सोलणाऱ्या बायका सोलायचं थांबल्या.

विसावा घोंग पडला. तुगिराने काठ्या खाली ठेवल्या आणि तरी ढोल वाजतच राहिला. त्याचं शेवटचं आवर्तन आता पोचत होतं. ती हात मांडीवर ठेवून ऐकत बसली. शेजारी बसून तिने त्याला असं नुसतं कधी ऐकलंच नव्हतं, वेळच कुठे होता. त्याच घडीला तिकडे तोही ढोलावर हात टेकून तिचं ऐकत असणार, हे तिला न सांगता कळलं.

मग वार्सितोचा आवाज आला. त्याच्या अंगणात गल्लीतली सात-आठ जावाची माणसं जमली होती, म्हणे. त्यातल्या एक बाई लहानपणी गायच्या. पुढच्या वेळी गाऊ का, असं विचारत होत्या.

"विचारतात काय?" तुगिरा म्हणाली. "आत्ताच बसव त्यांना. आणि ऐक, त्या शब्द विसरल्या तर गप्प राहा."